ऐकणारे दुसऱ्या गावचे

१९८२ साली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, म्हणजे आपल्या तोंडी बसलेल्या एचएमव्हीने, 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' नावाची एक लाँगप्ले तबकडी बाजारात आणली. वादक होते चरणजित सिंग. मुंबईच्या सिनेसंगीतात गिटार, बेस आणि तऱ्हेतऱ्हेचे कीबोर्ड वाजवणाऱ्या मोठ्या ताफ्यातले ते एक. रेकॉर्डिंगच्या जोडीला लग्नसमारंभांत वाजवायचं, अधूनमधून गाजलेल्या सिनेगीतांच्या चाली नुसत्या वाद्यांवर वाजवून एखादी तबकडी काढायची, असं त्यांचं चाललेलं होतं. या तबकडीत मात्र सिनेमाची एकही चाल नव्हती. ललत, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, मालकंस, बैरागी असे दहा राग होते. तबला नव्हता, तानपुरा नव्हता. वाजत होती ती रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रं : ठेका धरणारं टीआर-८०८, चाल वाजवणारा ज्युपिटर-८ सिंथेसायझर, आणि खर्जातली एकच सुरावट पुन्हा पुन्हा घोळवणारी टीबी-३०३ ही चंदेरी पेटी. तबकडी खपली नाही. वीस वर्षांनी, २००२ मध्ये, जुन्या हिंदी तबकड्यांचा नाद असलेल्या एडो बाउमन या डच माणसाला ती दिल्लीत मिळाली. २०१० साली त्याने ती नव्याने काढली आणि युरोपातल्या नाचघरांत एकच गडबड उडाली. शिकागोच्या तरुणांनी १९८७ च्या सुमारास जन्माला घातलेलं 'अॅसिड हाउस' नावाचं संगीत मुंबईच्या एका सरदारजीने पाच वर्षं आधीच वाजवून ठेवलेलं होतं! पुष्कळांना तर ही कुणा आधुनिक संगीतकाराने केलेली थट्टाच वाटली. सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग मग युरोपात जाऊन त्यांच्या नातवंडांच्या वयाच्या श्रोत्यांपुढे हे राग वाजवू लागले. जुलै २०१५ मध्ये ते मुंबईत वारले.

अशी हकिकत कानावर आली की आपल्याकडे एक ठरलेलं समाधान लगेच ओठांवर येतं : खऱ्या गुणाला उशिरा का होईना, दाद मिळतेच. ऐकायला हे बरं वाटतं, पण त्यात विचार फारसा नाही. गुण १९८२ मध्येही तेवढाच होता. बदलला तो ऐकणारा. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा की पहिल्या ऐकणाऱ्यांचं काय अडलं? माझ्या मते त्यांचं अज्ञान आड आलं नाही, त्यांची जाणकारी आली. मुरलेला श्रोतृवर्ग पंगत मांडून बसलेला असतो. कुणाचा पाट कुठे, कुणाला आधी वाढायचं, कुणी नुसतं वाढप करायचं, हे सगळं ठरलेलं असतं. ज्या संगीतकाराचा पाटच मांडलेला नाही, त्याला कुणी हाकलून देत नाही. तो दारात उभा आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. लांबच्या श्रोत्याला ही पंगत ठाऊक नसते. त्याची स्वतःची वेगळी पंगत असते, तिच्यात काही जागा रिकाम्या असतात, आणि त्यातली एखादी या पाहुण्याच्या मापाची निघते. 'अनपेक्षित ठिकाणी' श्रोते मिळाले असं आपण म्हणतो, तेव्हा त्या ठिकाणी आधीपासून काय रिकामं होतं ते पाहिलं, तर त्यातली अनपेक्षितता बरीचशी मावळते.

चरणजित सिंगांच्या बाबतीत मुंबईतले तीन श्रोतृवर्ग डोळ्यांपुढे आणून पाहा. रागसंगीत ऐकणाऱ्याला राग हवा होता, पण तो आलापातून हळूहळू उलगडणारा, आणि तालाशी चाललेल्या लपंडावातून रंगत जाणारा. मिनिटामिनिटाला तोच ठेका आणि तीच सुरावट म्हणजे त्याच्या लेखी राग सुरू होण्याआधीच थांबलेला. डिस्कोच्या चाहत्याला 'कुर्बानी'तलं नाझिया हसनचं गाणं, तिचा १९८१ चा 'डिस्को दीवाने', १९८२ च्या अखेरीला आलेला 'डिस्को डान्सर' असा माल भरपूर मिळत होता. त्याला गाता येईल असा मुखडा हवा होता, आणि इथे शब्दच नव्हते. राहिला सिनेव्यवसाय. त्याच्या दृष्टीने चरणजित सिंग हे सांगितलेलं नोटेशन अचूक वाजवणारे हुशार वादक. सांगणारे वेगळे असत. तिन्ही वर्ग आपापल्या जागी पक्के जाणकार होते आणि तिघांनीही ही तबकडी आपल्या मापाने मोजली. मोजमापात चूक काहीच नव्हती, ही त्यातली गंमत.

आता ती चंदेरी पेटी जरा जवळून पाहू, कारण सगळी मेख तिच्यात आहे. टीबी-३०३ बनवली होती एकट्याने गिटारचा रियाज करणाऱ्यांसाठी, बेस वाजवणाऱ्या साथीदाराची उणीव भरून काढायला. सूर एकेक करून तिच्यात भरायचे, की ती तेच फिरवत राहणार. बेसगिटारची नक्कल मात्र तिला नीट जमली नाही. सुमारे दहा हजार नग काढून कंपनीने १९८४ मध्ये उत्पादन थांबवलं आणि यंत्रं जुन्या बाजारात पडेल त्या भावाने विकली जाऊ लागली. म्हणून तर ती शिकागोच्या कमी पैशांतल्या पोरांच्या हाती लागली. त्या पोरांनी साथीदार वगैरे विसरून तिची बटणं भलतीसलतीकडे फिरवली, आवाज चिरका, ओला, वळवळता केला आणि त्यावर रात्र रात्र नाच केला. यंत्र स्वतःच उपेक्षित होतं, हे विसरू नये. या पेटीत एक सोय अशी की एका सुरावरून दुसऱ्यावर तुटक उडी न मारता घसरत जाता येतं. रोलंडच्या कारागिरांच्या मनात काय होतं ते असो, रागाचा सराव असलेल्या माणसाच्या हाती ही सोय पडल्यावर तो तिच्यातून मींड काढणार, हे उघड होतं. एका षड्जाभोवती फिरणारं, स्वरसंवादाची पाश्चात्त्य उतरंड न चढणारं संगीत आणि तीच सुरावट घोळवत राहणारं यंत्र यांचं जमणार होतंच. चरणजित सिंगांनी पुढच्या काळाचं भाकीत वगैरे केलं नाही. रागाने या यंत्राकडून जे काढून घेतलं असतं, ते त्यांनी काढून घेतलं. पण ते ऐकण्यासाठी पुनरावृत्ती म्हणजे कंटाळा नव्हे, हे मान्य असलेला कान लागतो. तसे कान तयार व्हायला युरोपात वीस वर्षं नाचावं लागलं. २०१० मध्ये त्यांच्याकडे जागा तयार होती. आणून ठेवायला तबकडी तेवढी हवी होती.

यावर कुणी म्हणेल, हे एक चमत्कारिक उदाहरण झालं, यंत्रांचं आणि फॅशनचं. मग साध्या गिटारवर गाणाऱ्या माणसाचं पाहू. सिक्स्टो रॉड्रिग्झ, जन्म १९४२, अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा, मेक्सिकोहून आलेल्या कामगार घरातला. 'कोल्ड फॅक्ट' (१९७०) आणि 'कमिंग फ्रॉम रिअॅलिटी' (१९७१) अशा त्याच्या दोन तबकड्या निघाल्या. दोन्ही अमेरिकेत आपटल्या, कंपनी १९७५ मध्ये बंद झाली आणि रॉड्रिग्झ जुनी घरं पाडण्याच्या, डागडुजीच्या कामाला लागला. तिकडे दक्षिण आफ्रिकेत मात्र त्याच तबकड्या घराघरांत वाजत होत्या. तो मेला, मंचावर स्वतःला जाळून घेऊन मेला, अशा कंड्याही पिकल्या होत्या. १९९७ मध्ये त्याच्या दोन चाहत्यांनी चिकाटीने माग काढला, तो हयात असल्याचं कळलं, आणि मार्च १९९८ मध्ये त्याने तिथे हजारोंच्या गर्दीपुढे कार्यक्रम केले. 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' या माहितीपटाला २०१३ मध्ये ऑस्कर मिळालं आणि गोष्ट जगभर झाली.

दक्षिण आफ्रिकाच का, हा प्रश्न माहितीपटात अर्धवटच हाताळलेला आहे. अमेरिकेत १९७० साली गिटार घेऊन शहराच्या दुखण्यांवर गाणाऱ्यांचा तुटवडा नव्हता. बॉब डिलन होता, त्याच्यामागे त्याच्यासारखे शंभर होते. जाणकारांच्या यादीत रॉड्रिग्झ आणखी एक. वर्णद्वेषी राजवटीतल्या गोऱ्या तरुणाची अवस्था निराळी होती. सक्तीची लष्करभरती, चर्चचा आणि सरकारचा कडक पहारा, १९७६ पर्यंत देशात टीव्हीदेखील नाही, सरकारी रेडिओवर कोणती गाणी लागायची नाहीत याच्या याद्या. व्यवस्थेला नाव घेऊन झोडणाऱ्या आवाजाची जागा तिथे साफ मोकळी होती. त्यात बाहेरच्या जगाने सांस्कृतिक बहिष्कार घातलेला. परदेशी गायक तिकडे फारसे जात नसत, त्यामुळे हा का येत नाही असा प्रश्न कुणाला पडला नाही, आणि इतक्या गाजलेल्या गायकाला त्याच्या देशात कुणी ओळखत नाही, हे कळायला मार्गही नव्हता. सरकारने ज्या काळ्या बहुसंख्येला आवाज ठेवला नव्हता, तिच्यात या तबकड्या त्या मानाने थोड्या गेल्या, हेही सांगितलं पाहिजे. जागा रिकामी होती ती एका विशिष्ट घरात, एका विशिष्ट वयाला.

इथे एक रास्त आक्षेप येतो. माहितीपटाने ऑस्ट्रेलिया गाळला. तिथेही रॉड्रिग्झ लोकप्रिय होता. उरलेल्या तबकड्या विकत घेऊन एका कंपनीने १९७७ मध्ये त्याच्या गाण्यांचा संग्रह काढला होता, आणि १९७९ व १९८१ मध्ये तो स्वतः जाऊन तिथे गाऊनही आला होता. म्हणजे तीस वर्षं पूर्ण अंधारात असलेला माणूस, ही पडद्यावरची गोष्ट खरी नाही. आक्षेप बरोबर आहे आणि दिग्दर्शकाने हे लपवायला नको होतं. पण माझ्या मुद्द्याला त्याने बळच येतं. डेट्रॉइटपासून सारख्याच लांब असलेल्या दोन देशांत त्याच तबकड्या रुजल्या, आणि ऑस्ट्रेलियात ना तसला बहिष्कार होता ना तशी राजवट. कोंडी हे एकमेव कारण असतं तर ऑस्ट्रेलियाचं कोडं सुटलं नसतं. दोन्हीकडे समान एवढंच होतं की अमेरिकेतली उतरंड तिथवर पोचली नव्हती. कोण मोठा आणि कोण किरकोळ, हे तिथल्या पोरांना तबकडी ऐकूनच ठरवावं लागलं.

आपल्याकडची पंगत कशी होती, ते सारंगीवरून दिसतं. पंडित रामनारायण १९४९ मध्ये मुंबईत आले. त्याआधी लाहोर आणि मग दिल्ली आकाशवाणीवर साथीला होते. साथीचा सारंगिया म्हणजे गवयाच्या मागे बसायचं आणि त्याने घेतलेली जागा सावलीसारखी गिरवायची. त्यातून वाद्यावर कोठ्याचा डाग. १९५४ मध्ये मुंबईच्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये त्यांनी एकट्याने सारंगी वाजवायचा प्रयत्न केला, तेव्हा मोठ्या कलावंतांची वाट पाहत बसलेल्या श्रोत्यांनी धीर धरला नाही आणि कार्यक्रम आटोपता घ्यावा लागला. हे श्रोते अडाणी नव्हते. मुंबईतला तो काळ रागसंगीताच्या ऐन बहराचा. त्यांना सारंगी ऐकू येत होती, पण ती मागून ऐकायची सवय होती. महाराष्ट्रात तर साथीची जागाही तिच्याकडे पुरती राहिलेली नव्हती. गोविंदराव टेंब्यांपासून पुढे हार्मोनियमने इथे असं बस्तान बसवलं की पेटीवाल्याशिवाय गाण्याची बैठक लागेना. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला बंदी केली, ती पेटीच्या सुरांत मींड निघत नाही या तात्त्विक कारणाने. तिचा एक न ठरवलेला परिणाम असा झाला की सारंगियांना नोकरीचा आधार मिळाला, आणि रामनारायणांसारखा माणूस तगला. एका वाद्यावरच्या अन्यायाने दुसरं जगलं, हा हिशेब मांडायला अवघड आहे.

रामनारायणांनी १९५६ पासून एकलवादनाचा हेका सोडला नाही आणि १९६४ मध्ये तबलानवाज थोरले बंधू चतुरलाल यांच्याबरोबर ते युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. तिथे सारंगीला कोठा ठाऊक नव्हता, साथीची गादीही ठाऊक नव्हती. व्हायोलिन आणि चेलो शतकानुशतकं मंचाच्या पुढच्या बाजूला बसलेले पाहणाऱ्याला गजाने वाजणारं वाद्य एकट्याने वाजतं, यात नवल ते काय? भारतात ज्या गोष्टीसाठी त्यांना भांडावं लागलं, ती त्या श्रोत्यांनी गृहीतच धरली. पुढे या वाद्याचा सचित्र, तपशीलवार इतिहास लिहिला तोही योप बोर या डच अभ्यासकाने, आणि तो छापला मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेने १९८७ च्या सुमारास. एनसीपीएचं कौतुक आहेच. पण गजवाद्यांच्या देशातून माणूस यावा आणि आपल्या गजवाद्याचा इतिहास त्याने लिहावा, हे नीट ध्यानात घेतलं तर 'परक्यांनी आपलं कौतुक केल्याशिवाय आपल्याला किंमत कळत नाही' हे आपलं आवडतं रडगाणं थोडं मंदावतं. प्रश्न परकेपणाचा नसून कोणती सवय आधी लागली याचा आहे.

ध्रुपदाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातल्या रसिकांनी ख्यालाला असं जिवाशी लावलं की ध्रुपद हे ग्रंथात मान देण्याचं आणि मैफलीत टाळण्याचं संगीत झालं. त्यातही रुद्रवीणा, म्हणजे बीन, तर आवाजानेच क्षीण. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) उदयपूरच्या घराण्यातले, मुंबईत स्थायिक झालेले. त्यांनी बीनच बदलली. तुंबे मोठे केले, दांडी जाड केली, सूर खाली उतरवला आणि नखी काढून टाकून उघड्या बोटांनी तार छेडायला सुरुवात केली. नखीचा टणत्कार गेला आणि सुराचा लांबत जाणारा मागोवा उरला. पहिल्या पाऊण तासात ताल नाही, दुगुन नाही, टाळी घ्यायला समही नाही. एखादा गंधार कोणत्या उंचीवर ठेवायचा याचीच तपासणी चाललेली. समेवर मान डोलावणाऱ्या श्रोत्याची यात पंचाईत होणार, हे सांगायला नको. डागर अमेरिकेत गेले, सिएटलच्या विद्यापीठात शिकवू लागले, आणि त्यांच्याभोवती गोळा झालेले विद्यार्थी तिथून पनवेलजवळच्या पळस्प्याला, त्यांच्या गुरुकुलात येऊन राहू लागले. सिएटलमध्ये १९८६ साली झालेली त्यांची एक मैफल तीस वर्षांनी तबकडीवर आणली ती स्टीफन ओ'मॅली या संगीतकाराने. हा गृहस्थ कानठळ्या बसवणारी, एकेक सूर मिनिट मिनिट धरून ठेवणारी गिटार वाजवतो. हेवी मेटलच्या मैफलीतून आलेल्या श्रोत्याला अभोगी रागाचा आलाप का रुचावा? कारण एका सुरात बराच वेळ बसण्याची बैठक त्याला आधीच जमलेली होती.

न्यूयॉर्कमध्ये पंडित प्राणनाथांचं असंच झालं. किराना घराण्याचे, अब्दुल वहीद खाँचे शिष्य, अतिशय संथ आणि सुराच्या बाबतीत हट्टी गायक. दिल्लीत आकाशवाणी, विद्यापीठातली शिकवणी, एवढ्यावर त्यांचं नाव थांबलेलं. १९७० मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि ला माँट यंग, टेरी रायली असे तिथले नामांकित संगीतकार त्यांचे गंडाबंद म्हणावेत असे शिष्य झाले. यंग हा प्राणनाथांना भेटण्याच्या कितीतरी आधीपासून एकच सूर तासन् तास धरून ठेवण्याचे प्रयोग करत होता. गुरू मिळण्याआधी त्याच्याकडे जागा तयार होती.

आता सगळ्यात टोकदार आक्षेप. हे सगळं प्रेम म्हणजे पूर्वेच्या गूढपणाचं खूळ नाही का? ज्याला रागाची वाट ठाऊक नाही, बंदिशीचे शब्द कळत नाहीत, तो डागरांच्या बीनमध्ये ध्यानधारणा ऐकतो. चरणजित सिंगांच्या तोडीत तो तोडी ऐकतच नाही, शिकागो ऐकतो. हा आक्षेप पुष्कळ अंशी खरा आहे, आणि त्याचा तोटा कलावंताला सोसावा लागतो. चरणजित सिंगांच्या वाट्याला 'अॅसिड हाउसचा जनक' हे बिरुद आलं, जे त्यांनी कधी मागितलं नव्हतं. बाकीच्या आयुष्यभराच्या वादनात फारसा रस कुणाला नव्हता. तरीही चुकीचं ऐकणं आणि वरवरचं ऐकणं यांत फरक करायला हवा. वरवरच्या खुळाची कसोटी सोपी आहे : ते किती दिवस टिकतं, आणि त्यासाठी माणूस काय सोडतो? फिलिप ब्रुगिएर हा फ्रेंच माणूस डागरांकडे बीन शिकला आणि पुढे पॅरिसच्या संगीतवाद्यांच्या संग्रहालयात अभ्यासक म्हणून काम करत राहिला. मौज म्हणून माणूस इतक्या लांब येऊन खर्ज साधत बसत नाही. शिवाय जाणकारही चुकीचं ऐकतोच. सारंगीत सावली ऐकणं हेही चुकीचंच ऐकणं होतं. ते आपलं असल्याने आपल्याला तसं वाटत नाही, इतकंच. आणि घरच्या श्रोत्यांतही डागरांकडे आधी वळलं कोण? मणी कौल, चित्रपट दिग्दर्शक. ते डागरांकडे शिकले आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला 'ध्रुपद' हा माहितीपट त्यांनी केला. संगीतसभांच्या पंगतीबाहेरून आलेला, पडद्यावर वेळ ताणण्याची सवय असलेला माणूस. अंतर मैलांतच मोजायचं असं कुठे आहे?

आपण स्वतः कधी काळी असेच दूरचे श्रोते होतो, हे मात्र आपण विसरून गेलो आहोत. किराना हे उत्तर प्रदेशातलं गाव. तिथले अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) बडोद्याहून मुंबई, पुणे करत मिरजेला स्थिरावले. नाट्यसंगीतावर पोसलेल्या मराठी कानाला सुरेल, भावपूर्ण आवाजाची ओढ आधीच होती. सवाई गंधर्व, मग गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी अशी जी परंपरा महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवर फुलली, तिच्यात किराना गावात वाढलेलं कुणीच नाही. अल्लादिया खाँ राजस्थानातून आले आणि शाहू महाराजांच्या कोल्हापुरात राहिले. त्यांच्या घराण्याला आपण आजही जयपूरचं म्हणतो, आणि त्यातले नामवंत गायक मोजायला बसलो की यादी गोमंतक आणि कोल्हापुराभोवतीच फिरते. प्राणनाथांचं घराणंही किरानाच. एका शाखेला मिरज-पुण्यात कान मिळाले, दुसरीला न्यूयॉर्कच्या माळ्यावर. पहिलं आपल्याला स्वाभाविक वाटतं आणि दुसरं नवलाचं, याचं कारण पहिल्याला शंभर वर्षं झाली.

दुसरा आक्षेप हिशेबाचा आहे आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. आपण सापडलेल्यांच्याच गोष्टी सांगतो. एका रॉड्रिग्झमागे किती जण डेट्रॉइटमध्ये, किती जण दादर-माहीमच्या चाळींत विरून गेले, त्यांची मोजदाद नाही. मान्य. म्हणूनच 'गुणाला दाद मिळतेच' हे वाक्य मी सुरुवातीलाच बाजूला ठेवलं. रिकामी जागा असणं पुरेसं नाही. मधे एक वाहक लागतो आणि त्याच्या हाती पडेल अशी टिकाऊ वस्तू लागते. हैलू मेर्गिया हा इथिओपियातला नामवंत कीबोर्डवादक १९८१ मध्ये अमेरिकेला गेला, तिथेच राहिला आणि वॉशिंग्टनच्या विमानतळावर टॅक्सी चालवू लागला. गिऱ्हाइकाची वाट पाहताना डिकीतला छोटा कीबोर्ड काढून तो सराव करत असे. १९८५ मध्ये त्याने जुन्या पद्धतीचा अकॉर्डियन आणि सिंथेसायझर यांवर एक कॅसेट केली होती. तिची एक प्रत ब्रायन शिमकोव्हिट्झ या अमेरिकी संग्राहकाला इथिओपियाच्या बाहिर दार शहरात मिळाली, आणि २०१३ मध्ये ती पुन्हा निघाली. मेर्गिया पुन्हा जगभर वाजवू लागला. वॉशिंग्टनमधल्या माणसाचा पत्ता लागला तो इथिओपियाच्या एका शहरातून. प्लॅस्टिकच्या त्या कॅसेटला बुरशी लागली असती, किंवा कुणी तिच्यावर दुसरं काही भरलं असतं, तर मेर्गियाच्या गुणात काहीही उणं न होता ही गोष्ट घडली नसती. वाहकाची निवड लहरी असते हेही खरं. त्याला स्वतःला जे रुचतं तेच तो उचलतो.

पैशाचं बोलायचं तर वाहक आला म्हणजे न्याय आला असं नाही. दक्षिण आफ्रिकेत इतकी वर्षं खपलेल्या तबकड्यांचा मोबदला रॉड्रिग्झला मिळालाच नाही. तो पैसा कुठे मुरला यावरून माहितीपट गाजल्यानंतर अमेरिकेत खटलेबाजी झाली. पुनर्मुद्रण करणाऱ्या छोट्या कंपन्यांपैकी चांगल्या कंपन्या कलावंताला शोधून करार करतात, बाकीच्या करत नाहीत. म्हणून कुणी म्हणतं, परक्या श्रोत्याचं हे प्रेम म्हणजे जुनाच व्यापार नव्या वेष्टनात. व्यापार आहेच. पण सत्तरीतल्या माणसाने विमानाने जाऊन मालकंस वाजवला आणि समोरच्यांनी तो उभ्याने ऐकला, यातलं सुख त्या व्यापाराच्या वहीत मांडलेलं नसतं. आणि रॉड्रिग्झने उशिरा आलेल्या पैशातला बराचसा वाटून टाकला आणि तो त्याच जुन्या घरात राहिला, असं त्याच्या घरचेच सांगत आले. ऑगस्ट २०२३ मध्ये तो डेट्रॉइटलाच गेला.

वाहकाला एक गोष्ट मात्र लागतेच, ती म्हणजे नाव. 'कोल्ड फॅक्ट'वर गाण्यांच्या श्रेयात करारांच्या भानगडीमुळे दोन भलतीच नावं छापली होती, आणि शोध घेणारे वर्षानुवर्षं त्यातच अडकले. शेवटी सुगावा लागला तो एका गाण्यात आलेल्या डिअरबॉर्न या डेट्रॉइटशेजारच्या गावाच्या उल्लेखावरून. चरणजित सिंगांचं नाव तबकडीच्या वेष्टनावर होतं म्हणून बाउमन त्यांच्या दारापर्यंत पोचू शकला. याच चरणजित सिंगांनी सिनेमात जे वाजवलं, ते नावाशिवाय वाजवलं. त्यांच्या आधीच्या पिढीत गोव्याहून आलेले सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट हे अरेंजर आणि वादक. त्यांच्या कामाशिवाय १९५० च्या दशकातल्या सिनेगीताला आपल्या ओळखीचा आवाज मिळाला नसता. तबकडीवर संगीतकार, गायक आणि गीतकार एवढीच नावं येत. ग्रेगरी बूथ या अमेरिकी अभ्यासकाने मुंबईत राहून जुन्या वादकांना भेटून २००८ मध्ये त्यांच्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा कुठे कोणत्या गाण्यात कोण वाजलं याची नोंद झाली, तीही हयात असलेल्यांच्या आठवणीपुरती. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिनवादक, शिक्षक आणि रागांवर आधारलेलं वाद्यवृंदाचं संगीत लिहिणारे रचनाकार होते. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत त्यासाठी स्वतःचा वाद्यवृंद उभारला, तो पैशाअभावी चालला नाही. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले, पुढे परत येऊन गावी राहिले आणि २०१२ मध्ये वारले. 'अमर अकबर अँथनी'तल्या अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभच्या तोंडी त्यांचं नाव आलं, ते संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूला केलेल्या सलामातून. अँथनी गोन्साल्विस हे नाव आज सगळा देश जाणतो. त्यांची एखादी रचना ऐकलेला माणूस मात्र शोधावा लागतो.